चौथ्या तारेचा डाख

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पण माझ्यावर कुणी कधी बाराखडी गिरवली नाही. मी सर्किटची पाटी. तऱ्हेवाईक माणसाला तुम्ही हसत हसत 'सर्किट' म्हणता ना? मी मात्र फार शहाणी होते. निदान माझा तसा समज होता.

मला मिस्त्रीकाकांनी घडवलं. आजारपणात काकूंचे पाय गेले, तेव्हा काकांनी चाकांच्या खुर्चीला मोटर बसवली, आठ सेलची बॅटरी जोडली आणि त्या बॅटरीवर लक्ष ठेवायला मला केलं. विकतची पाटी खुर्चीखाली मावेना, म्हणून त्यांनी माझा आकार वहीच्या कागदावर स्वतः बेतला. प्रत्येक सेलची एक बारीक तार माझ्यापर्यंत यायची. ती काकांनी कथलाचा डाख देऊन पक्की केली होती. एखादा सेल थकला की मी मोटर बंद करायचे. माझं काम एवढंच.

पाच वर्षं मी ते चोख केलं. काकू रोज दोन गल्ल्या ओलांडून धाकट्या बहिणीकडे जायच्या. "ढकलणारा नको, ओढणारा नको, मी आपली महाराणी!" म्हणायच्या. काका दारातून ओरडायचे, "महाराणी, चढावर जरा दमानं!" माझं कौतुक झालं की माझ्या एवढ्याशा पातळ अंगावरही मूठभर मांस चढायचं.

मग धाकटीने अंथरूण धरलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून काकू लगबगीने निघाल्या, खुर्ची एका खड्ड्यात आदळली आणि मी मोटर बंद केली.

"मी ढकलत नेतो ना," काका म्हणाले.

"नको हो. तिला वाटेल, ताईही संपली. मी स्वतः चालवत येते, असं तिला फोनवर सांगितलंय."

"बरं, मग उद्या जा. उद्या नक्की."

माझ्या चौथ्या तारेच्या डाखाला केसाएवढी भेग पडली होती. तारेतून काही येईना, म्हणून मला वाटलं चौथा सेलच गेला. काका तपासताना मीटरच्या वायरीची टोकदार सुई त्या डाखावर दाबून धरायचे. दाबली की भेग मिटायची आणि आकडा अगदी बरोबर यायचा. "सेल तर ठणठणीत आहेत," असं पुटपुटत ते माझा दुसराच एखादा भाग काढायचे. नवा भाग यायला दोन-तीन दिवस लागायचे. तो लावला तरी खुर्ची हलायची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! सुई दाबलेली असताना माझा 'सगळे सेल ठीक' सांगणारा हिरवा दिवा लागायचा, पण काकांचे डोळे मीटरच्या आकड्यावर. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण पाटीला कुठलं आलंय तोंड?

रोज धाकटीचा फोन यायचा. "ताई, निघालीस का गं?"

"निघतेच आहे," काकू म्हणायच्या. नऊ दिवस त्या हेच म्हणाल्या.

दहाव्या दिवशी काकांनी एका हाताने सुई दाबून धरली होती, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी दुसऱ्या हाताने घेतला. धाकटीचा मुलगा बोलत होता. "काका, मावशीला सांगा... आई गेली."

काकांची नजर माझ्यावर खिळली होती. त्यांचा हात गळला, सुई सुटली आणि माझा हिरवा दिवा विझला. त्यांनी सुई पुन्हा टेकवली. दिवा लागला. उचलली, विझला. मग त्यांनी भिंग घेतलं आणि भेग पाहिली. तो डाख त्यांनी स्वतःच दिलेला होता.

तो नीट करायला अर्धं मिनिट लागलं. त्यांना तेव्हा काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला खुर्चीखाली बसवून कळ दाबली. मोटर घरघरली.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "झाली का हो चालू? थांबा, केस तेवढे विंचरते. तिला फोन करा, म्हणावं ताई निघाली!"

काका खुर्चीचा हात धरून खाली बसले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. आम्हाला तपासताना सुई उचलल्यावर काय होतं, तेही बघा. पण आम्ही बिघडलो म्हणून कुणाची भेट उद्यावर टाकू नका. ढकलत जा, रांगत जा, पण आजच जा. मी आता अगदी ठणठणीत आहे, आणि काकूंना कुठेच जायचं नाही.