ढिम्मूचा आवाज

तिने टोमॅटोंकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर केलं. भाजीवाल्याने किलोभर तोलून तिच्या पिशवीत ओतले.

‘‘आणखी काय देऊ, ताई?’’

तिने कोथिंबिरीची जुडी उचलून त्याच्यापुढे धरली. तेवढ्यात मागून कोणाचा तरी धक्का लागला, पिशवी कलंडली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘अगं बाई, सांडले की सगळे!’’

शेजारी आईच्या कडेवर बसलेल्या चिमुरडीने गर्रकन मान वळवली.

‘‘आई, ढिम्मू! ढिम्मू बोलला!’’

कांदे निवडणारा एक माणूस थबकला. मुलीच्या आईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. सांडलेले टोमॅटो तिने उचललेच नाहीत. पिशवी छातीशी धरून ती चालू लागली. धावलं तर लोक बघतील आणि चाललं तर पाय उचलत नाहीत, अशी तिची गत झाली होती. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. गाडीतला शिपाई डुलक्या काढत होता, तरी तिने पदर चेहऱ्यावर ओढून घेतला.

ढिम्मू हे लहान मुलांच्या कार्टूनमधलं गाढव होतं. कोणी त्याला ओढायचं, कोणी ढकलायचं, कोणी गाजर दाखवायचं आणि शेवटी ढिम्मू पोटातून हसत म्हणायचा, ‘‘ओढा की! ढिम्मू हलणार नाही, बरं का!’’ ते हसू आणि ते वाक्य तिचं होतं. डबिंगच्या काचेच्या खोलीत उभं राहून तिने ते इतक्या वेळा म्हटलं होतं, की घरी नवऱ्याने दूध आणायला पिटाळलं तरी ती तेच म्हणायची.

मग वसतिगृहातून एका विद्यार्थ्याला उचलून नेलं. कोणी नेलं, कुठे नेलं, कोणी सांगेना. तो कुठे आहे एवढं विचारायला मुलं चौकात येऊन बसली. पोलीस त्यांना उठवू लागले तेव्हा रस्त्यावरून फरपटत जाणारी एक मुलगी ओरडली, ‘‘ओढा की!’’ आणि मागची सगळी मुलं म्हणाली, ‘‘ढिम्मू हलणार नाही, बरं का!’’

तिथून ते वाक्य तिच्या हातात राहिलं नाही. एका पोराने तिच्या मूळ आवाजाला ढोलाचा ठेका लावून गाणं केलं. लग्नाच्या वरातीत लोक त्यावर नाचू लागले, सिग्नलवर गाढवाच्या चित्राचे टीशर्ट विकायला आले. मंत्री सभागृहात म्हणाले, गाढवांच्या हट्टापुढे सरकार झुकणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळा चौक कागदाचे लांब कान लावून बसला. विरोधी पक्षाचे एक पुढारीही कान लावून फोटो काढून गेले. हरवलेल्या मुलाचं नाव मात्र त्यांना आठवेना.

सुरुवातीला तिला गंमत वाटली होती. चौकात बसलेली भाची, नणंदेची मुलगी, फोनवर खिदळत म्हणाली होती, ‘‘मामी, अगं तू तर आमची पुढारी झालीस! पण मी कोणाला सांगितलं नाही हं.’’ मग गाणं करणाऱ्या पोराला घरातून नेलं. वाहिनीने कार्टून बंद केलं. तेव्हापासून ती घराबाहेर तोंड उघडत नव्हती.

ती घरी पोचली तेव्हा नवरा फोन हातात घेऊन दारातच उभा होता.

‘‘स्टुडिओतून फोन होता. दादा म्हणाला, लगेच ये. ते लोक आलेत.’’

‘‘कोण लोक?’’ तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

‘‘मी येतो बरोबर.’’

‘‘नको. दोघं गेलो तर घरी कोण राहील?’’ आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच कळलं नाही. घरात राखण करण्यासारखं काहीच नव्हतं.

दादा म्हणजे स्टुडिओतला ध्वनिमुद्रक. ढिम्मूच्या पहिल्या भागापासून तोच यंत्रांपाशी बसायचा. आज त्याच्या खुर्चीमागे दोन माणसं उभी होती. एकाने दार लावून घेतलं. दुसरा, करड्या शर्टातला, अदबीने पुढे आला.

‘‘या ताई. माझी धाकटी तुमची फार चाहती आहे. रोज जेवताना ढिम्मू लागायचा तिला.’’

तिने हसायचा प्रयत्न केला.

‘‘चारच ओळी आहेत,’’ त्याने कागद पुढे केला. ‘‘ढिम्मूच्या आवाजात म्हणायच्या.’’

‘मित्रांनो, मी दमलो. ढिम्मू घरी चाललाय. तुम्हीही उठा. घरी आई वाट बघतेय.’

‘‘मला... माझा घसा बसलाय हो.’’

‘‘हो का?’’ करड्या शर्टाचा स्वर मऊच होता. ‘‘असं बघा ताई, आज चौक रिकामा करायचाय. मुलं आपणहून उठली तर कोणाला खरचटणारही नाही. नाही उठली, तर आम्हाला उठवावी लागतील. तुमची भाची तिथे पुढच्याच रांगेत बसते ना? किरकोळ अंगाची आहे हो.’’

तिने दादाकडे पाहिलं. तो एक बटण पुसत होता. पुसून झालेलं बटण पुन्हा पुसत होता.

काचेच्या खोलीत जाऊन तिने माइकसमोर तोंड नेलं. ढिम्मूचा आवाज घशातून निघत नसे. तो पोट सैल सोडल्याशिवाय येत नसे. आज पोट सैल सुटेना. पहिल्यांदा नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा ‘मित्रांनो’पाशीच आवाज चिरकला. तिने पाणी मागून घेतलं. तिसऱ्यांदा ती शेवटपर्यंत गेली. आवाज ढिम्मूचाच होता, पण प्रत्येक शब्दाखाली काहीतरी हलत होतं. ‘आई’ म्हणताना तर स्वर तुटता तुटता राहिला.

बाहेर दादाने कानांवरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

‘‘पुन्हा घ्यायचं का?’’ करड्या शर्टाने विचारलं.

दादा हेडफोनची वायर गुंडाळू लागला. ‘‘आवाज तोच आहे, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘चालेल.’’

एरवी तिचा एक श्वास जास्त झाला तरी पुन्हा म्हणायला लावणारा दादा. तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

उन्हं कलायच्या आत भोंगा लावलेली पोलिसांची गाडी चौकात आली. चौक घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. नवरा खिडकीत उभा होता. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, दोन्ही हात कानांवर घेऊन उभी होती. भोंग्याची खरखर झाली आणि चौकातला गलबला थांबला.

मग तिचाच आवाज घरांच्या भिंतींवर आपटत आला. ‘‘मित्रांनो... मी दमलो...’’

हात कानांवर असूनही तिला शब्दन् शब्द ऐकू आला. भोंग्याने तिची थरथर दहापट मोठी केली होती. ढिम्मूला इतकं घाबरलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. आता ती उठतील, तिला वाटलं. उठू देत, देवा. आणि लगेच वाटलं, माझ्या सांगण्यावरून नको.

ओळी संपल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही.

‘‘उठतायत का?’’ तिने विचारलं.

‘‘इथून दिसत नाही गं.’’

मग दुरून एका मुलीचा बारीक आवाज आला. भाचीचा होता की कोणाचा, तिला ओळखता आलं नाही.

‘‘ढिम्मू, घाबरू नकोस!’’

मग दोन-तीन आवाज, मग कितीतरी. घोषणा नव्हती ती. अंधाराला भ्यालेल्या पोराला जवळ घेताना माणसं बोलतात, तशी ती मुलं बोलत होती. ‘‘घाबरू नकोस! आम्ही आहोत! घाबरू नकोस!’’ समोरच्या इमारतीतली एक बाई गॅलरीत येऊन तेच म्हणू लागली.

नवऱ्याने खिडकी लावायला हात घातला, पण लावली नाही.

फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण कोणाचा असेल ते तिला कळलं. ती जमिनीवर बसली आणि बसूनच फोन कानाला लावला.

‘‘ताई,’’ करडा शर्ट म्हणाला. आता स्वर मऊ नव्हता. ‘‘आवाज का कापत होता तुमचा?’’

‘‘भीती वाटत होती.’’

‘‘कशाची भीती? माइकची?’’

घसा बसला होता, तब्येत बरी नव्हती, असं काहीही सांगता आलं असतं. नवरा हातांनी खुणा करून तेच सुचवत होता.

‘‘तुमची,’’ ती म्हणाली.

पलीकडून उत्तर आलं नाही. फोनही ठेवला गेला नाही. ती ऐकत राहिली. त्याच्या त्या गप्प राहण्यातही, कुठल्यातरी उघड्या दारातून किंवा गाडीच्या काचेतून, तीच मुलं ऐकू येत होती.