काकांच्या पत्रांतले चौकोनी कंस

पुतणीचा फायदा सरळ होता. पुस्तिका काकांना आवडली की कारखान्यातली पत्रव्यवहाराची खुर्ची तिची. घराजवळ नोकरी, आणि "एवढं शिकून शेवटी काय केलंस" असं येता-जाता विचारणाऱ्या आत्याचं तोंड बंद.

काकांच्या वजनकाट्यांच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली होती. परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी पुस्तिका काढायची आणि तिच्यात काकांनी आणि त्यांच्या भागीदाराने तरुणपणी लिहिलेल्या इंग्रजी पत्रांतले उतारे घालायचे, असं ठरलं. काकांचं इंग्रजी त्यांच्या धंद्यासारखंच: भांडवल कमी, हिंमत दांडगी. दुरुस्त करावं तर पत्रं त्यांची राहत नव्हती. तशीच ठेवावीत तर लोक म्हणणार, पुतणीलाच येत नाही. म्हणून तिने इंग्रजी छपाईतला जुना रिवाज पाळला. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि चुकीपुढे चौकोनी कंसात 'सिक' एवढा शब्द टाकायचा. अर्थ असा, की मुळातच असं आहे, चूक आमची नव्हे.

कच्ची प्रत बघताना काकांचं बोट कंसावर थांबलं. हे काय, त्यांनी विचारलं. हे शब्द खुद्द तुमचे आहेत, कुणी हात लावलेला नाही, याची ती खूण, पुतणी म्हणाली. खोटं काहीच नव्हतं, फक्त अर्धं होतं. काकांनी पानं चाळली. त्यांच्या पत्रांत खूण जागोजाग, भागीदाराच्या उताऱ्यांत एकही नाही. ते फार खूश झाले.

भागीदार म्हणजे काकूंचे भाऊ; पुतणीही त्यांना मामाच म्हणायची. त्यांचं इंग्रजी इस्त्री केलेलं. पण जन्म हिशेबाची पत्रं लिहिण्यात गेला, छपाईच्या खुणा ठाऊक नाहीत. आणि मेव्हण्यांची पत्रं वाचायची नाहीत, हा त्यांचा जुना नेम. काकांनी जेवताना सहज म्हणून कंसांचा विषय काढला. मामांचा घास तोंडातच फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी ते पुतणीच्या टेबलापाशी आले.

"माझे शब्द काय कुणाकडून उसने आणलेत? मलाही एखादी खूण असू दे."

तुम्हाला गरज नाही, ती म्हणाली.

"ते मी ठरवीन, पोरी. तुझ्या नेमणुकीवर सही दोघांची लागते."

पुतणीने मामांचं एक निर्मळ वाक्य निवडलं आणि त्याच्या शेपटीला कंस बांधला.

समारंभाला पाहुण्या होत्या इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी काकांचं पत्र वाचून दाखवलं, कंसाचा अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, स्वतःच्या चुका खूण करून छापणारा कारखानदार मी पहिल्यांदाच पाहते. काकांचा चेहरा आधी उतरला, पण टाळ्या ऐकून पुन्हा चढला. मग बाईंनी मामांचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"इथली चूक मात्र मला सापडत नाही. संपादिकाबाई दाखवतील?"

सभागृह हसलं. मामांनी पुतणीकडे पाहिलं. ती उठली.

"वाक्यात चूक नाही, बाई. खूण खोटी आहे. ती मी घातली."

पाहुण्या गेल्यावर काकांनी दोघांना खोलीत घेतलं.

"माझ्या पदरात माझ्याच चुका घातल्यास, त्याबद्दल तक्रार नाही. याच्या पदरात नसलेली घातलीस. काटे विकणाऱ्यांच्या घरात हे कसं चालेल?"

खुर्ची गेली, हे पुतणीने मनाशी मान्य केलं. तेवढ्यात मामा खिडकीबाहेर बघत पुटपुटले, की खूण मागितली मीच होती.

काका बराच वेळ हसले. सही दोघांनी केली, पण मामांच्या एका अटीवर: बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या नजरेखालून जायचं.

पुतणीला खुर्ची मिळाली, बरोबर मामांच्या समोरची. तिच्या पत्रात चूक सापडत नाही, तेव्हा मामा पेन्सिलीने समासात एक चौकोनी कंस काढतात, रिकामा ठेवतात आणि कागद परत करतात. काकांच्या चुका टाळ्या घेऊन गेल्या, मामांची नसलेली चूक हशा घेऊन गेली. दोन्हींची किंमत पुतणी रोजच्या टपालागणिक फेडते आहे.