नऊ नंबरचा फेरा

अंबडच्या त्या कारखान्यात लताबाईंना नावाने हाक मारणारी माणसं कमीच. सव्वीस वर्षं त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या आणि कुठल्याही खोलीतून नऊ फिरवलं की त्यांचा आवाज यायचा. त्यामुळे मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या लेखी त्या 'नऊ नंबर' होत्या. नवीन लागलेली पोरं आधी हसायची आणि आठवड्याभरात तीही म्हणू लागायची, "नऊ नंबरला विचार, त्यांना माहीत असेल."

कारखान्यात दूध थंड ठेवायची यंत्रं बनत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतून फोन येत, आणि यंत्र बंद पडलं की तो फोन म्हणजे निम्मं रडणंच असे. लताबाई तो फोन योग्य माणसाकडे देत. देण्याआधी दोन शब्द स्वतः बोलत, म्हणजे रडणारा माणूस जरा सावरायचा.

आणि रोज सकाळी पावणेनऊला त्यांचा फेरा असे. एकेका टेबलाला फोन लावायचा आणि विचारायचं, "आवाज येतोय का?" समोरून "येतोय" आलं की वहीत बरोबरची खूण. पोरं कंटाळायची. कुणी मुद्दाम "नाही येत" म्हणायचं, त्यावर लताबाई म्हणायच्या, "मग उत्तर कुणाला देतोयस रे बाबा?"

यंदा पावसाळा सरता सरता स्वराज मॅनेजर होऊन आला. वय तिशीचं, डोकं तल्लख, पण सगळा कारभार काचेच्या केबिनमधून, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्याने बोर्ड काढला. आता फोन कॉम्प्युटरवर येणार, जे टेबल मोकळं असेल तिथे आपोआप जाणार आणि आवाज बिनवायरच्या हेडसेटमधून थेट कानात. हॉलमध्ये कलकलाट नको म्हणून कॉम्प्युटरचे स्पीकरही त्याने काढून टाकले, टेबलावर फोन आल्याची बारीक घंटी तेवढी ठेवली. एकदम बारा हेडसेट आले, सगळे काळे, सगळे एकसारखे: दहा सर्व्हिसच्या टेबलांचे, एक स्वराजच्या मोबाइलचा आणि एक लताबाईंचा.

लताबाईंना मिळाला तो दोन महिन्यांपुरता. पाहुण्यांना "बसा" म्हणायला त्यांना हॉलबाहेर, काचेच्या दाराजवळच्या टेबलावर बसवलं होतं आणि हातात पत्र दिलं होतं. दिवाळीनंतर त्यांची बदली सिन्नरच्या गोदामात, सुट्या भागांची खोकी लावायला.

"फेराही बंद करा ताई," स्वराज म्हणाला होता. "सिस्टीम स्वतःला स्वतःच तपासते."

लताबाईंनी वही मिटून पर्समध्ये ठेवली. घरी जाऊन भाजी चिरता चिरता मात्र रडल्या. खोकी लावायला त्यांची ना नव्हती, कामाची लाज त्यांनी कधी बाळगली नाही. पण सव्वीस वर्षं माणसांचे आवाज सांभाळले आणि निरोप द्यायची वेळ आली तेव्हा कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, हे त्यांना फार लागलं.

दसऱ्याला त्या दरवर्षीप्रमाणे नवऱ्यासोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. त्यामुळे खंडेनवमीला कारखान्यात काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. ते आता मी सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

खंडेनवमीला लेथ, ड्रिल, क्रेन, सगळ्यांची पूजा होते. यंदा सर्व्हिसच्या मंडळींना वाटलं, आपली हत्यारं म्हणजे हे हेडसेट. मग काय! बाराच्या बारा हेडसेट एका स्टीलच्या परातीत मांडले. लताबाईंचासुद्धा त्यांच्या खणातून काढून आणला, त्यांचा तेवढा कशाला वगळायचा. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, उदबत्ती फिरवली, फोटो काढले. पेढे वाटले आणि जाताना ज्याने त्याने परातीतला हाताला लागेल तो हेडसेट उचलला, उरलेला लताबाईंच्या खणात गेला. एकसारख्याच तर होत्या वस्तू. चपलांच्या बाबतीत माणूस निदान पाय घालून बघतो, इथे तेवढंही कुणी केलं नाही.

सोमवारी सकाळी लताबाईंनी खण उघडला. हेडसेटवर कुंकू दिसलं तेव्हा त्यांना हसू आलं. मग त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या हेडसेटच्या दांडीला त्यांनी हिरवा दोरा बांधला होता, तो याला नव्हता. 'हा माझा नाही,' त्या मनात म्हणाल्या. तरी बटण दाबून कानाला लावला.

सव्वानऊला त्यांच्या कानात एक माणूस ओरडला.

"हॅलो! ओ, कुनी हाय का? हॅलो!"

लताबाई दचकल्या. त्यांच्या समोरचा कॉम्प्युटर तर गप्प होता.

"बोला, मी ऐकतेय," त्यांनी सवयीने उत्तर दिलं.

"बाई, मी गोटीराम बोलतो, सिन्नरकडनं, दूध केंद्रावरनं. मशीन बंद पडलंय. लाल दिवा लागलाय. टाकीत तीन हजार लिटर दूध हाय, अन् काटा चारावरनं आठावर आलाय! गावानं भरवशानं घातलंय हो दूध, आता मी काय तोंड दाखवू?"

"गोटीरामभाऊ, श्वास घ्या. एक सांगा, पंखा फिरतोय का? दसऱ्याला यंत्राला हार घातला..."

फोन तुटला.

काचेपलीकडे हॉलमध्ये सर्व्हिसची चैताली कपाळाला हात लावून बसली होती. तिच्या पडद्यावर फोन चालू दिसत होता, पण कानात चिटपाखरू बोलत नव्हतं. अडकला असेल म्हणून तिनेच तो कट केला होता. शेजारच्या टेबलावरही तीच गत. कुणी "हॅलो, हॅलो" करून घसा कोरडा करत होतं, तर कुणाच्या कानात भलताच माणूस स्वतःच्या यंत्राची कुंडली मांडत होता. स्वराज केबिनमधून धावत आला आणि त्याने सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला लावले. गोंधळ तसूभरही हलला नाही. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. मालकांचा फोन. स्वराज मोबाइल कानाला लावून "हॅलो सर, हॅलो सर" करत राहिला आणि पलीकडे टेबलाशी चहाचा कप हातात धरलेला सर्व्हिसचा समाधान ताडकन उठून उभा राहिला.

"नमस्कार साहेब," तो घाबरून म्हणाला. "मी स्वराज सर नाही, समाधान आहे. नाही साहेब, तुम्ही मला नाही ओरडलात, मला कळतंय."

दुसरा दिवस असता तर हॉल हसून लोळला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

लताबाई दारातून हे बघत होत्या. कुठे घोडं पेंड खातंय हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं. हेडसेटची ज्या कॉम्प्युटरशी पहिली ओळख करून दिली, त्याचीच तो चाकरी करतो. तो कुणाच्या डोक्यावर बसलाय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. चैतालीचा हेडसेट आपल्या कानावर आहे, म्हणून चैतालीचा फोन आपल्या कानात आला. अशी बारा जणांची सरमिसळ झाली होती.

एक क्षण त्यांच्या मनात आलं, आपल्याला काय त्याचं! सिस्टीम स्वतःला तपासते ना, मग तपासू दे. पण कानात अजून गोटीरामचं ते "काय तोंड दाखवू" घुमत होतं. त्या हॉलमध्ये शिरल्या.

"सगळे गप्प बसा!" त्या म्हणाल्या, आणि सव्वीस वर्षांचा तो आवाज ऐकून सगळे खरंच गप्प बसले. "डोक्यावरचं कुणी काढू नका. चैताली, हा घे तुझा. सिन्नरच्या दूध केंद्राचा फोन तू कट केलास बाई. त्यांना मोबाइलवरून लाव."

चैतालीने दोनदा लावला. "एंगेज येतोय ताई. ते आपल्यालाच पुन्हा पुन्हा लावत असणार."

खरंच, चार नंबरच्या टेबलावर घंटी वाजू लागली. तिथल्या पोराने हात पुढे केला.

"उचलू नकोस," लताबाई म्हणाल्या. "घंटी वाजतेय तोवर माणूस थांबतो. उचलून मुक्यासारखं बसलास तर त्याचा धीर सुटतो."

"ताई, पण ग्राहकाचा फोन न उचलणं म्हणजे..." स्वराज मध्ये पडला.

"स्वराज सर, सहा मिनिटं द्या मला. नाही जमलं तर दिवाळी कशाला, उद्याच जाते सिन्नरला."

स्वराज बाजूला झाला.

लताबाईंनी पर्समधून जुनी वही काढली, पेन काढलं आणि स्वतःच्या मोबाइलवरून एक नंबरच्या टेबलाचा थेट नंबर लावला. "एक नंबर, आता उचल. आवाज येतोय का? ज्याच्या कानात येतोय त्याने हात वर करायचा."

खिडकीजवळ सहा नंबरच्या टेबलावरून हात वर आला.

"तो हेडसेट एक नंबरचा. ऊठ, नेऊन दे आणि त्याच्या डोक्यावरचा तू घे. पुढे, दोन नंबर. आवाज येतोय का?"

हात वर. अदलाबदल. वहीत बरोबरची खूण. तीनचा आवाज आठकडे निघाला, पाचचा चारकडे. सातचा कुणाकडेच येईना, तेव्हा लताबाईंनी विचारलं, "आज कोण आलेलं नाही?" रजेवरच्या पोराच्या खणातून हेडसेट निघाला आणि बटण दाबताच बोलू लागला. मधेच कुठल्या ना कुठल्या टेबलावर घंटी वाजून थांबत होती. तरी लताबाईंनी क्रम सोडला नाही. घाई केली की एक टेबल राहतं, आणि राहिलेल्या टेबलावरच नेमका गोटीराम येतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दहाव्या टेबलाशी हिरवा दोरा बांधलेला हेडसेट निघाला. पोराने तो ओशाळून पुढे केला. लताबाईंनी तो हातात घेतला, पण कानाला लावायला सवड नव्हती.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता घंटी वाजेल ती उचला."

सगळे आपापल्या घंटीकडे बघत होते. दोन नंबरवर घंटी वाजली. ते टेबल समाधानचं.

"नमस्कार, सर्व्हिस विभाग... हो गोटीरामभाऊ, येतोय! अगदी स्पष्ट आवाज येतोय!" समाधानचा चेहरा उजळला. "प्रेशर वाढून ट्रिप झालंय, आपोआप बंद पडलंय वाटतं. मी गाडी पाठवतो, दीड तास..."

"दीड तासात दुधाचं दही होईल," लताबाई म्हणाल्या. "आधी विचार, दसऱ्याला यंत्राला हार घातला होता का. दरवर्षी दसऱ्यानंतर असे दोन-तीन फोन येतात. हार सुकतो, दोरा सैल होतो आणि पंख्यात ओढला जातो."

समाधानने विचारलं. मग मेन स्विच बंद करायला सांगितलं, पंख्याची जाळी उघडायला सांगितली आणि वाट बघत बसला. सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"निघाला," तो हळूच म्हणाला. "झेंडूचा हार. पात्यांना दोऱ्याचे वेढेच्या वेढे आहेत म्हणतात. भाऊ, सगळा सोडवा. पातं हाताने फिरतंय? आता स्विच लावा आणि दिव्याखालचं लाल बटण दाबा."

मग समाधान उठला. त्याने डोक्यावरचा हेडसेट काढला आणि दोन्ही हातांनी लताबाईंपुढे धरला. "ताई, तुम्ही ऐका."

लताबाईंनी तो कानाला लावला. तिकडे गोटीरामने मोबाइल यंत्रापाशी धरला होता. आधी नुसती खरखर, मग एक हिसका, आणि मग ती दमदार घरघर, पिठाच्या गिरणीसारखी एका लयीत चाललेली. तिच्यावरून गोटीराम ओरडत होता, "चालू झालं! बाई, आवाज येतोय का? येतोय का आवाज?"

लताबाईंचे डोळे भरून आले. आयुष्यभर जे त्यांनी दुसऱ्यांना विचारलं, ते आज त्यांना कुणीतरी विचारत होतं.

"येतोय, भाऊ," त्या म्हणाल्या. "झकास येतोय."

हॉलने असा गलका केला की मशीन शॉपमधली माणसं काय झालं म्हणून बघायला आली. चैतालीने तर बाकावर उभं राहून शिट्टी वाजवली. अर्ध्या तासाने गोटीरामचा पुन्हा फोन आला. काटा खाली यायला लागला होता आणि दूध वाचलं होतं.

दुपारी स्वराज स्वतः दाराजवळच्या टेबलाशी आला. त्याचे कान अजून लाल होते. पण माणूस मनाचा खोटा नव्हता, एवढं म्हणायला हवं.

"ताई, ते पत्र परत द्याल का? मालकांशी बोललोय मी."

"कुणाच्या हेडसेटवरून बोललात?" लताबाईंनी विचारलं. तोही हसला.

पत्र परत देण्याआधी त्यांनी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. प्रत्येक हेडसेटला त्याच्या टेबलाच्या रंगाचा दोरा बांधायचा, आणि पावणेनऊचा फेरा पुन्हा सुरू करायचा. स्वराजने तिसरी गोष्ट आपणहून केली. नव्या सिस्टीममध्ये त्याने लताबाईंच्या टेबलाला नऊ नंबर दिला, आणि नऊ नंबरवर आजवर बसणारा पोरगा मुकाट्याने अकरावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई लवकर आल्या. वही उघडली, तारीख घातली आणि हिरव्या दोऱ्याचा हेडसेट कानाला लावला. पावणेनऊ व्हायला एक मिनिट होतं. त्या एक नंबर लावणार, एवढ्यात त्यांचीच घंटी वाजली.

"नऊ नंबर?" चैतालीचा आवाज होता, आणि तिच्यामागे हसू दाबणारा अख्खा हॉल. काचेपलीकडून सगळे त्यांच्याकडे बघत होते, स्वराजसुद्धा. "आवाज येतोय का?"

लताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि वहीत सगळ्यात वर, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःच्या नंबरापुढे बरोबरची खूण केली.

"येतोय गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा येतोय."