कडूबाईचं अंडं तरंगलं

अंडं वर आलं आणि आमच्या गावानं हात जोडले.

लोणच्याची काचेची मोठी बरणी, बरणीत पाणी, पाण्याच्या तळाशी अंडं. तरंगनाथ महाराजांनी डोळे मिटले, चेल्यानं पुढं धरलेल्या परातीतलं पांढरंशुभ्र भस्म मुठीनं उचललं आणि बरणीत सोडलं. पितळी दांड्यानं ढवळलं. तोंडानं काहीतरी पुटपुटले. पुन्हा मूठ, पुन्हा ढवळणं, पुन्हा पुटपुट. भस्म विरघळलं, पाणी निवळलं, आणि तळाशी निपचित पडलेलं अंडं हललं. एका टोकावर उभं राहिलं. मग सावकाश, लाजत लाजत, वर.

"बघा!" महाराज गरजले. "अंड्यातला जीव मुक्तीसाठी तडफडत वर आला! हा जीव तुम्ही रोज खाता? तोच मग तुमच्या रक्तात तडफडतो. म्हणून चक्कर येते, म्हणून डोळ्यांपुढं अंधारी येते!"

मारुतीच्या पारापुढं अर्धं गाव बसलं होतं. निम्म्यांचे हात जोडलेले, निम्म्यांच्या हातात मोबाईल. कुणाला चक्कर येत नाही हो, उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला? प्रत्येकाला वाटलं, महाराज माझ्याबद्दलच बोलतायत.

मग वाटी आली. वाटीत लालभडक पाणी. "हे समजा तुमचं रक्त." महाराजांनी पालेभाजीची पानं मुठीत चुरगाळून रस पिळला आणि लाल पाणी बघता बघता पिवळं पडलं. बायांच्या तोंडून "अगं बया!" असा एकच आवाज निघाला.

"हिरवं हे लालाला खातं! पालेभाजी म्हणजे रक्ताची वाळवी! अंडं सोडा, पाला सोडा आणि सकाळ-संध्याकाळ रक्तामृत चूर्ण घ्या."

माझी पिठाची गिरणी आहे. शिक्षण म्हणाल तर नववी नापास; पुढचं सगळं रद्दीत आलेल्या पुस्तकांतून. पण गप्प बसायचं कसं, हे एकाही पुस्तकात सापडलं नाही. मी उभा राहिलो.

"महाराज, शेळी जन्मभर पालाच खाते. मग तिचं रक्त पिवळं का न्हाय?"

"शेळी पशू आहे, बाळा," महाराज गोड हसले. "तू माणूस आहेस. अजून तरी."

गाव खो खो हसलं. गड्याच्या जिभेला धार होती, हे कबूल करायलाच पाहिजे. मी भाषण सुरू केलं, तर पुढच्या बाया वसकन अंगावर आल्या, "खाली बस रं महारुद्रा! तुझं पीठ दळ!"

मला हसले त्याचं मला काही नाही. पण या खेळात एक पोर मरायची वेळ आली होती, आणि माझं डोकं फिरलं ते त्यानं.

गिरणीला लागूनच कडूबाईचं घर. तिची सून हर्षाली, सातवा महिना, पहिलटकरीण. उपकेंद्रातल्या शबनम सिस्टरनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठावर. सिस्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज एक उकडलेलं अंडं, रोज पालेभाजी. कडूबाईनं ते मनावरही घेतलं होतं. घरच्या कोंबड्या, परसात मेथी. सुनेच्या गालांवर रंग चढायला लागला होता. तेवढ्यात हे महाराज उगवले. अंडं बंद, भाजी बंद, आणि महाराजांनी गोळीलाही नाक मुरडलं म्हणून तीही बंद! भाकरी, पातळ वरण आणि चूर्ण. पोरगी दळण घेऊन आली की पायरी चढताना धापा टाकायची, माझ्या पोत्यांवर टेकायची. तोंड पांढरंफटक, धुतलेल्या फडक्यासारखं.

"काका," ती एकदा म्हणाली, "आता मला मेथीचा वास शेजारच्या गल्लीतनं येतोय बगा."

कडूबाई वाईट नव्हती. सून जगावी, नातवंड धडधाकट यावं, म्हणूनच ती घाबरली होती. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं सोपं असतं, हे भोंदूंना आपल्याआधी कळतं. फक्त एक गंमत होती. कडूबाईची गावरान अंडी बेंबळीच्या बाजारात नावाजलेली. तिथल्या स्टँडवरचा आम्लेटवाला, आमच्याच गावचा बलभीम, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं अंडं घेत नसे. सुनेची अंडी थांबली, विक्री चालूच!

मी विचारलं, "मावशी, सुनंला पाप लागतंय आन् बलभीमच्या गिऱ्हाइकाला न्हाय व्हय?"

"ते समदे परगावचे असत्यात," कडूबाई शांतपणे म्हणाली.



महिनाभरानं शबनम सिस्टर घरी आल्या. त्यांनी हर्षालीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं आणि कडूबाईला समोर बसवलं. "मावशी, रक्त आणखी उतरलंय. असंच चाललं तर बाळंतपणात हिच्या जिवाला धोका हाय. उद्याच शिरेतनं लोहाची बाटली लावायला तालुक्याला न्यायची."

"सिस्टर, तुमी शिकलेल्या हायसा," कडूबाई म्हणाली. "पर अंडं वर येताना म्या या डोळ्यांनी बघितलंय. सुईनं आन् बाटलीनं महाराज कोपले तर? गुरुवारी पारावर महाराजांची गावशुद्धी हाय. महाराजांनी व्हय म्हटलं तर नेते."

मी दारातून तोंड घालणार होतो. सिस्टरनी मला बाहेर काढलं. "दादा, तुमी भाषण करू नका. तुमी तोंड उघडलं की गाव महाराजांकडं जातंय."

"मग काय करू? आरती?"

"गुरुवारी बरणीत महाराजांचं न्हाय, कडूमावशीचं अंडं जाऊ द्या. बास."

मला काहीच कळलं नाही. त्या हसून स्कूटीवर बसल्या आणि गेल्या.

इथं आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं अंडं घेताना कुणी तारीख विचारत नाही, पाण्याची बादली मागतात. अंडं बुडालं की ताजं. तरंगलं की शिळं. ते विकणाराच्या तोंडावर परत. महाराजांच्या बरणीपुढं बसलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. पण बादली घरातली आणि बरणी देवाची! दोन्हींचा संबंध जोडायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि महाराज कुठल्या तरी शहरातून आलेले. त्यांनी जन्मात कोंबडी पाळलेली नव्हती.

गुरुवारी पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मी सिस्टरचं ऐकलं, भाषण केलं नाही. एवढंच ओरडलो, "महाराज, अंडं तुमचं, बरणी तुमची. गावचं पाप बघायचंय तर अंडं गावचं घ्या!"

"घेतो की!" महाराजांनी छाती फुगवली. "गावातलं सगळ्यात चांगलं अंडं आणा!"

सगळ्यात चांगलं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कडूबाई डोक्यावर पदर घेऊन उठली. घरी जाऊन तिनं ताम्हनात तांदूळ, तांदळात अंडं, असं मिरवत आणलं. "सकाळचंच हाय महाराज. अजून ऊब असंल."

अंडं पाण्यात सोडलं. तळाला बसलं. भस्म, दांडा, पुटपुट. पुन्हा भस्म. आणि कडूबाईचं अंडं टोकावर उभं राहिलं, निघालं, आणि पाण्यावर डोकं काढून डुलायला लागलं.

"तडफडला जीव!" महाराज गरजले.

नेमकी तेव्हाच बलभीमची जीभ सुटली. त्याला चमत्कार दिसलाच नाही. त्याला धंदा दिसला.

"आयला! मावशी, शिळं अंडं? लोकांना असलं देताय व्हय? मला बी असलंच घालता काय?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं गाव फुटलं. "कडूबाईचं अंडं तरंगलं!" "बेंबळीत सांगायला पायजे!"

कडूबाईचा चेहरा तव्यासारखा तापला. देव, पाप, मुक्ती सगळं बाजूला राहिलं. चाळीस वर्षांची अब्रू बरणीत डुलत होती.

"माजं अंडं शिळं?" ती थेट पारावर चढली. "कोंबडी उठायच्या आदी तिच्या पोटाखालनं काढलंय! ए बलभीम, बादली आण! हापशाची आण, भरून!"

"माई, बरणीला स्पर्श नको," महाराज घाईनं म्हणाले.

"बरणी र्‍हावद्या तुमची. अंडं माजं हाय."

तिनं दोन बोटांनी अंडं उचललं, पदराला पुसलं आणि बादलीत सोडलं. डुबुक. सरळ तळाला. आडवं, गुमान, ताज्या अंड्यानं बसावं तसं. पुन्हा काढलं, बरणीत घातलं. वर! पुन्हा बादलीत. खाली! गाव उठून उभं राहिलं. आता हसत कुणीच नव्हतं.

"अंडं तेच हाय," कडूबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मग खोट पाण्यात हाय." आणि तिनं बोट बरणीत बुडवलं.

"थांब!" महाराज किंचाळले. "स्मशानातलं भस्म आहे ते! जिभेला लागलं तर वाचा जाईल!"

बोट तोंडात गेलंसुद्धा. कडूबाईनं जीभ टाळ्याला लावली. पुन्हा लावली. तोंड वाकडं केलं.

"मीठ!" ती म्हणाली. "आरं, ह्ये तर मीठ हाय! लोणच्यात बी एवढं घालत न्हाई म्या!"

वाचा गेली नाही. उलट अशी सुटली की महाराजांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्यातलं निम्मं मला इथं लिहिता येणार नाही, आणि उरलेलं निम्मं छापणारा सापडणार नाही.

शबनम सिस्टर गर्दीतून पुढं आल्या. "मावशी, असं अनोळखी पाणी पुन्हा तोंडात घालू नका बरं का, चुना-तेजाब काय बी असू शकतं." मग गावाकडं वळल्या. "पाण्यात भरपूर मीठ विरघळलं की पाणी जड होतं. ताजं अंडं साध्या पाण्यापेक्षा जड, पण ह्या पाण्यापेक्षा हलकं. म्हणून वर येतं. जीव-बीव काय न्हाय. घरी जाऊन तांब्यात करून बघा."

"आणि रक्ताचं काय?" महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला. "हिरव्यानं लाल खाल्लं, ते सर्वांनी पाहिलंय!" त्यांनी वाटी उचलली.

तेव्हा हर्षाली उठली. देवळाच्या भिंतीला धरून, धापा टाकत, पण उठली. "महाराज, तुमी दर येळी आंबट चुकाच पिळताय. आज मेथी पिळा की. माझ्या लई मनात हाय मेथी." तिनं पदराखालून जुडी काढली. आणली होती ती खायला की दाखवायला, ते मी विचारलं नाही.

महाराज काही मेथी घेईनात. मग बलभीमनंच चुरगाळून पिळली. लाल पाणी हिरवट गढूळ झालं, पण लाली काही गेली नाही.

"आमच्या माहेरी मार लागला की हळद-चुना लावत्यात," हर्षाली म्हणाली. "ते असंच लाल व्हतंय. आन् वरनं लिंबू पडलं की पिवळं. चुका आंबट असतुया, म्हणून पिवळं पडलं. एवढंच. रक्त-बिक्त कसलं?"

गावातल्या प्रत्येक बाईनं कपाळावर हात मारला. हळद-चुना कुणी बघितला नव्हता? सगळ्यांनी. दररोज!

चूर्णाची डबी मी उघडली. चिमूट बोटांत चोळली. डाळव्याचं पीठ आणि पिठीसाखर. गिरणीवाल्याला पीठ विकायला निघाला होता गाढव!

चेला परात टाकून पळाला. महाराजांना "वाशीला कार्यक्रम आहे, उशीर होतोय" अशी आठवण झाली, पण त्यांच्या गाडीपुढं बलभीमनं आम्लेटचा गाडा आडवा लावला होता. पोलीस पाटलांनी फोन केला. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडं कायदा आहे राव. तो कपाटात ठेवायला केलेला नाही.

त्याच दुपारी कडूबाई सुनेला घेऊन तालुक्याला गेली, बाटली लावायला. जाताना डब्यात दोन उकडलेली अंडी आणि मेथीची भाजी, वर लिंबाची फोड. फोड सिस्टरनी सांगितली होती: लिंबू असलं की भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि जेवल्याजेवल्या चहा ढोसला की कमी. गोळीही पुन्हा सुरू झाली, कारण नुसत्या भाजीनं एवढी तूट भरत नाही.

मग गावानं सिस्टरला घेरलं. कुणी विचारलं, "रोज अंडं चालतं का?" सिस्टर म्हणाल्या, बहुतेकांना रोज एक चालतं, नीट उकडलेलं. पालेभाजी रोज खावी, चांगली धुऊन, शिजवून. मुतखडा, मधुमेह, हृदयाचा त्रास असला तर डॉक्टरला विचारून. आमचे शिवलिंगप्पा अण्णा मागं उभे राहून चुळबुळ करत होते. "सिस्टर, आमच्यात अंडं चालत न्हाई. मग आमी काय मरायचं व्हय?"

"अण्णा, तुमाला कोण जबरदस्ती करतंय? पालेभाजी, डाळी, मटकी, दूध, शेंगदाणे खावा. अंडं चांगलं हाय, पण ते बी औषध न्हाय आन् देव बी न्हाय. खाणं हाय."

हे वाक्य मला माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा आवडलं.

हर्षालीला मुलगी झाली. आई ठणठणीत, लेक ठणठणीत, रडते तर गिरणीचा आवाज झाकून टाकते. नाव अर्पिता ठेवलं. बारशाला कडूबाईनं मला मुद्दाम पुढं बसवलं आणि म्हणाली, "महारुद्रा, तू बी बोलला व्हतास, पर तुझं कुणी ऐकलं न्हाई."

"मावशी, तुमी तरी कुठं ऐकलं?"

"म्या कशाला ऐकू? म्या चाखलं."

तर मित्रांनो, चिडून सांगतो आणि हात जोडूनही सांगतो. बुद्धी आपल्या घरातच असते. अंड्याच्या बादलीत असते, हळदीच्या डब्यात असते. पण पारावर कुणी भगवं नेसून बसला की आपण ती घरी ठेवून जातो. पुढच्या वेळी तिला सोबत न्या. बरणी कुणाचीही असो, तुमची बादली शेजारी ठेवा. आणि घरात पोटुशी लेक-सून असेल, तर चमत्काराची वाट बघू नका. तिच्या ताटात भाजी वाढा, अंडं सोला, गोळी हातात द्या.

कडूबाईची अंडी आजही बेंबळीला जातात. पण टोपली भरताना पहिलं अंडं बाजूला निघतं, सुनेसाठी. बलभीम कुरकुरतो, एक कमी आलं म्हणतो. कडूबाई त्याला सांगते, "तुजी गिऱ्हाइकं परगावची हायती. थांबतील."