अकरा पौंड

"दोनशे तेवीस!" रसेल हावलिक ओरडला. "पंधरा दिवसांत अकरा पौंड! शाब्बास रे पठ्ठ्या!"

कोल्बी पोत्यांच्या काट्यावरून उतरला. रसेलचा एकवीस वर्षांचा मुलगा. अंगात घाम काढायचा प्लास्टिकचा कोट, हातात अंगातलं पाणी कमी करायला थुंकायची बाटली. आयोवातल्या त्या कुस्तीवेड्या गावात वजन असंच उतरवतात. रसेलनेही शाळेत असताना असंच उतरवलं होतं. तो पशुखाद्याच्या गोदामात कामाला होता. रविवारी तिथे कुणी नसे, म्हणून काटा तिथलाच.

तीन वर्षांपूर्वी कोल्बी एकशे पंचेचाळीस पौंडांच्या गटात लढायचा. मग त्याला आवाज ऐकू येऊ लागले. गोळ्यांनी आवाज थांबले, पण भूक खवळली आणि वजन वाढत गेलं. आता बरोबरीची पोरं आधी त्याच्या पोटाकडे बघत, मग तोंडाकडे.

"शाळेच्या कुस्तीसंघाचं जाकीट बसेल बघ आता," रसेल म्हणाला.

"हळू बोल, बाबा." कोल्बीने छताकडे पाहिलं. "त्या पंख्यातून ऐकतात ते."

रसेलने गोदामाला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन थेट घरी निघाला.

घरी येताच त्याने औषधाची बाटली ओट्यावर उपडी केली. पंधरा दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"कधी सोडल्यास?"

"तू म्हणालास ना, थोडं उतरव, बरा दिसशील. त्या दिवशी." कोल्बी जमिनीकडे बघत होता. "आरशात दुसराच कुणी उभा असतो, बाबा. पँटचं बटण लावायला श्वास धरावा लागतो. आणि तू रोज शाब्बास म्हणत होतास."

रसेल खुर्चीवर बसला.

"चुकलं माझं. वजन उतरलं की चांगलं, एवढंच आम्ही शिकलो. पोरा, ते आवाज ऐकून तू नुसत्या मोज्यांवर नदीच्या बर्फावर चालत गेलास ना, तेव्हा जेमतेम एकशे तीस पौंड होतास. तुझी आई हाका मारत मागे धावली होती."

कोल्बी ओट्यावरच्या गोळ्या एकेक करून बाटलीत टाकू लागला.

"मग गोळ्या लागू पडल्या. तुझी आई जायच्या आधी तू तिच्या पलंगाशी बसून तिच्या वाटणीचं पुडिंग खाल्लंस. जोलीन मला म्हणाली, 'रस, पोरगा परत आला.'"

"माझ्या गालांना हसत होती ती."

"हसत होतीच. म्हणाली, खारीने दाणे कोंबल्यासारखे दिसतात."

कोल्बीच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि वजन नाहीच उतरलं तर?"

"डॉक्टरीणबाईंना विचारू. दुसरी गोळी असेल, वजनावर काही असेल. नसलंच तर तू जाडा. जाडा मुलगा मला चालतो. हरवलेला नाही चालत."

कोल्बीने बाटली बापाकडे सरकवली. मग म्हणाला, "फोन लाव. पण तूच बोल."

दवाखान्याच्या रविवारच्या फोनवरच्या नर्सने गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच यायला सांगितलं. कोल्बीने बापासमोर गोळी गिळली, तीन अंडी खाल्ली आणि दुपारी सोफ्यावर आडवा झाला. थोड्या वेळाने घोरू लागला.

रसेल दारात उभा राहून ऐकत होता. प्रार्थना त्याला कधी जमली नव्हती. "आभारी आहे," एवढंच तो पुटपुटला.

सोफ्यावरचं पांघरूण कोल्बीला पुरत नव्हतं. रसेल आतल्या खोलीत गेला. मोठ्या पलंगावरची रुंद गोधडी जोलीन गेल्यापासून त्याने हलवली नव्हती. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली, बाहेर आणली आणि मुलाच्या अंगावर खांद्यापासून पावलांपर्यंत पसरली. ती पुरून वर थोडी उरली.