काकूंचं शिळं पाणी

गल्लीत पाणी एक दिवसाआड यायचं. नळ खोकायला लागला की कुणाच्याही घरी भांडी भरायची धावपळ होते. काकूंच्या घरी आधी भांडी रिकामी करायची धावपळ व्हायची. पिंपातलं, बादल्यांतलं, पातेल्यांतलं, जेवढं म्हणून परवाचं पाणी उरलं असेल तेवढं सगळं मोरीत! का, तर ते शिळं झालं. मग पिंप आतून खसाखसा घासायचं, विसळायचं आणि काठोकाठ ताजं पाणी भरायचं. काका, म्हणजे काकूंचे यजमान, हे काम मुकाट्याने करत. लग्न झाल्यापासून त्यांनी या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं भलंच झालं होतं.

बरं, हा नियम घरापुरता असता तर गोष्ट वेगळी. पण काकू पडल्या गल्लीच्या टापटिपीच्या पुढारी. कपडे शिवून घ्यायला अख्खी गल्ली त्यांच्याकडे यायची, आणि माप घेता घेता त्या प्रत्येकीच्या कानात घालायच्या की शिळं पाणी घरात ठेवू नये. झालं, हळूहळू घरोघरी पिंपं उलटी होऊ लागली. त्यातून नळाचा पाइप टाकला तेव्हा गल्लीत मोजकी बैठी घरं होती. आता त्यांच्यावर मजले चढले, मध्येच एक धुलाईचं दुकान आलं, माणसं कितीतरी पटींनी वाढली. पाइप मात्र तोच राहिला, आणि गावाबाहेरच्या ज्या तलावातून पाणी येतं तो तलावही काही कुणासाठी मोठा झाला नाही.

काकूंचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे त्यांच्या नळाला धो धो पाणी. गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात, माडीवर, त्यांची एकुलती एक लेक राहायची. जावयांनी तिथे जागा घेतली तेव्हा काकूंना आकाश ठेंगणं झालं होतं. आता तर नात झाली होती. दिवसातून एकदा तरी नातीचा पापा घेतल्याशिवाय काकूंना चैन पडत नसे.

आणि एके दिवशी लेकीने सांगितलं की ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जागा बघताहेत. का, ते काही धड सांगेना. "इथे जमत नाही गं आई," एवढंच. काकूंचं डोकंच फिरलं. हे नक्की विहीणबाईंचं काम असणार! लेकीच्या सासूबाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या परिचारिका. बोलणं मोजकं, आणि मोजकं बोलणाऱ्या माणसावर काकूंचा मुळातच विश्वास नव्हता. सुनेचं माहेर इतकं जवळ आहे हे त्यांना खुपतंय, असं काकूंनी परस्पर ठरवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाण्याचा दिवस असूनही, पिंपाचं काम काकांवर सोपवून त्या तरातरा लेकीकडे निघाल्या. पाण्याच्या दिवशी त्या वेळेला त्या आजवर कधी तिथे गेल्याच नव्हत्या. जाणार कशा? घरी पिंप घासायचं असे ना!

माडीवर जाऊन बघतात तो काय, विहीणबाई मोरीच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या, मांडीवर नात, समोर नळ उघडा, आणि नळातून पाण्याऐवजी नुसती हवा सूं सूं करतेय. कोपऱ्यात बाळाच्या न धुतलेल्या कपड्यांचा ढीग. लेक कुठे आहे म्हणून विचारलं, तर डबे घेऊन टँकरच्या रांगेत. बाळ अजून मान धरत नाही, आणि बाळंतीण डबे उचलतेय! भांडायला म्हणून वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं त्या विसरूनच गेल्या.

हे मला कुणी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. विहीणबाई म्हणाल्या की सुनेनेच बजावलं होतं, आईला वाईट वाटेल, सांगू नका. मला कशाला वाईट वाटायचं, असं काकू म्हणायला लागल्या, तेव्हा विहीणबाईंनी त्यांना हाताला धरून सज्जात नेलं. खाली रस्त्याच्या कडेचं गटार भरभरून वाहत होतं. घाण नाही, काही नाही, नितळ पाणी.

"ओळखलंत हे पाणी?" विहीणबाईंनी विचारलं. "तुमच्या घरापासून इथपर्यंत प्रत्येकाने ओतलेलं शिळं पाणी आहे हे. जेवढं ओतलं तेवढं नळातून पुन्हा भरायचं. मग आमच्या माडीवर चढायला उरणार काय?"

"पण विहीणबाई, शिळं पाणी पिऊन माणूस आजारी पडतो."

"मी जन्मभर आजारी माणसंच बघितली. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी असं दोन दिवसांत बिघडत नाही. आणि मला सांगा, तुमच्या नळाला येतं ते ताजं पाणी काय काल तयार झालं? गेल्या पावसाळ्यापासून तलावात पडून आहे ते. तिथे इतके महिने शिळं होत नाही, आणि तुमच्या घरी दोन दिवसांत कसं होतं?"

आयुष्यात काकूंना असं कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते कुणी, तर विहिणीने! पण त्या लाजेपेक्षा एक गोष्ट जास्त टोचत होती. आपली लेक आपल्यापासून लांब चाललीय, आणि तिला घालवतोय कोण? आपण! मग त्यांना एकदम आठवलं, आत्ता या क्षणी काका काय करत असतील ते. जिना उतरून काकू अशा धूम पळत सुटल्या की गल्ली बघतच राहिली.

"अहो, थांबा! ओतू नका!"

काकांनी पिंप अर्धं कलतं केलं होतं. जन्मात पहिल्यांदा उलटा हुकूम ऐकून ते पिंपासकट तसेच उभे राहिले. काकूंनी पिंप सरळ केलं, जेवढं कमी होतं तेवढंच भरलं आणि नळ बंद केला.

पण एका नळाने काय होतंय? दुपारपासून काकू आणि विहीणबाई, ही न जमणारी जोडी, दारोदार फिरायला लागली. पटवून सांगायच्या विहीणबाई. ऐकून घ्यायची पाळी काकूंची. "तुम्हीच तर शिकवलंत!" असं प्रत्येक घरात लोक म्हणत होते, आणि प्रत्येक घरात काकू सांगत होत्या की हो, मीच शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. धुलाईवाले काही केल्या ऐकेनात. तेव्हा काकूंनी त्यांच्याच पिंपातलं परवाचं पाणी सर्वांदेखत पेलाभर प्यायलं आणि मिशीला पीळ दिल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. धुलाईवाल्यांना हसू फुटलं. त्यांनी नुसतं पिंप राखलं नाही, शेवटच्या विसळणीचं स्वच्छ पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायचंही कबूल केलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी गटार कोरडं होतं. काकू माडीवर लेकीशेजारी नळाकडे डोळे लावून उभ्या. नळ सूं सूं करत राहिला. लेक म्हणाली, जाऊ दे आई. तोच नळाला ठसका लागला, एक पिचकारी उडाली, आणि पाठोपाठ पाणी आलं! धार लागली, जाड झाली, बादली भरली, दुसरी भरली, पातेली भरली, पिंप भरलं. विहीणबाई मोजकं बोलणं विसरून नातीला घेऊन नाचायला लागल्या. लेक हसत होती, रडत होती, मग सगळी भांडी भरल्यावर तिने हात पुढे करून नळ बंद केला. पाणी येत असताना त्या घरात नळ बंद झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"जागा बघायला जायचं होतं आज," ती डोळे पुसत म्हणाली. "नाही जात."

काकूंनी आधी लेकीला जवळ घेतलं, आणि मग, गल्लीचा विश्वास बसणार नाही, पण विहीणबाईंना.

वाचकहो, माणसं वाढणार, घरं वाढणार, तहानही वाढणार. तलाव तेवढाच राहणार आहे. आणखी पाणी कुठून आणायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि तो सोडवायलाच हवा. पण भरलेलं पिंप उलटं करण्याआधी एवढं जरूर आठवा, की त्याच पाइपाच्या शेवटी कुणीतरी नळ उघडून बसलंय, आणि ते तुमच्याच घरचं माणूस असेल.