कडक चेंडू

आमच्या ओहायोतल्या टायर कारखान्यात टायर दाबून घडवणाऱ्या प्रेसखाली आमच्यातल्या रेमंडचा पंजा चिरडला आणि आम्ही संप पुकारला. मागणी एकच होती, प्रत्येक प्रेसला सुरक्षेची जाळी बसवा. बोलणी करायला युनियनने लोरेन प्रुचनिकला पुढे केलं. बाई चिवट, सहज न वाकणारी.

पहिल्याच बैठकीत कंपनीचा वकील हॅल्डेन हसून म्हणाला, "तुम्ही कारखान्याच्या टीमकडून सॉफ्टबॉल खेळायचात ना? इथे हार्डबॉल आहे."

सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो. बेसबॉलचा, म्हणजेच हार्डबॉलचा, लहान, कडक, हाड मोडणारा. म्हणून कोणी समोरच्याची गय न करता, त्याच्या दुखऱ्या जागी दाबून बोलणी करू लागला की आमच्याकडे म्हणतात, हा हार्डबॉल खेळतोय.

"टाका की," लोरेन म्हणाली. "बघू."

त्याने टाकला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने संपकऱ्यांचा आरोग्य विमा बंद केला. लोरेनचा नवरा वॉल्ट कॅन्सरने अंथरुणाला खिळलेला, आणि त्याचं औषध त्याच विम्यावर चालायचं. पुढच्या बैठकीनंतर हॅल्डेनने तिला बाजूला घेतलं. "जाळ्यांचा मुद्दा सोडा. मिस्टरांचं औषध उद्यापासून सुरू."

ती तडक युनियनच्या हॉलवर आली आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. कुणी तिच्याकडे बघेना. शेवटी रेमंडच उठला, बांधलेला हात पोटाशी धरून.

"घेऊन टाक, लोरेन. माझा हात काही परत येत नाही."

"आणि तुझ्यानंतर कुणाचा जाईल? मी त्याला नकार देऊन आलेय."

संध्याकाळी मी लोरेनच्या घरी सूप घेऊन गेले. वॉल्टने तिला विचारलं, "काय हवं होतं त्यांना?" तिने सांगितलं.

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. तिने चमचा पुढे केला, पण त्याने तोंड उघडलं नाही.

आम्ही वर्गणी काढून औषध आणलं, ते पुरलं नाही. बर्फ वितळायच्या आत वॉल्ट गेला. त्यानंतर कंपनी नमली. सह्या झाल्यावर हॅल्डेनने हात पुढे केला, "छान खेळलात." लोरेन कोट चढवून निघून गेली आणि कामावर परत आलीच नाही.

अजून रस्त्यात भेटली की विचारते, "जाळ्या नीट लावता ना गं?" काम उरकायच्या घाईत आमच्यातलेच काहीजण त्या काढून ठेवतात. मी तिला हो म्हणते.